भटूच्या गाडीचं थरथरणारं हँडल

सुरतेला जाऊन आले म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका आधी साड्या दाखव म्हणतात. या वेळीही दोघी-तिघी ओट्यावर येऊन बसल्या. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, बायांनो, साडी एकही आणली नाही, साडीच्या दुकानाकडे तोंडसुद्धा केलं नाही. मग इतके दिवस सुरतेत केलंस काय, असं त्यांनी विचारलं. मोटारसायकल दुरुस्त केली, म्हटलं. त्या हसायला लागल्या. मीही थोडी हसले. पण खरं तेच आहे. पुढचं त्या दिवशी ओट्यावर बसून सांगवलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

दोंडाईचा ते सुरत

भटू माझा सगळ्यात धाकटा भाऊ. आमच्यात अंतर एवढं की माझ्या लग्नात तो मांडवात रांगत होता. दहावीला नापास झाला आणि सुरतेला गेला, तो तिकडचाच झाला. आमच्याकडची मुलं सुरतेला गेली की लूमवर लागतात, नाहीतर साडीच्या कारखान्यात गठ्ठे उचलतात. हा मात्र हिऱ्यात शिरला. काठेवाडी माणसांच्या मधोमध बसून हिरे घासायला शिकला आणि आयुष्यभर तेच केलं. राहतो कामरेजला, कारखाना कतारगामला. रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर.

थंडी सुरू झाली तसा त्याच्या बायकोचा, मंदाचा फोन आला. म्हणाली, ताई, यांच्या बोटांना मुंग्या येतात, जेवताजेवता हात झटकत बसतात. गाडीचं हँडल फार थरथरतं, त्याच्यामुळे होतं असं म्हणतात. गाडी दाखवा म्हटलं तर उद्या बघू म्हणतात. तुम्ही या, तुमचं ऐकतील.

हिऱ्याच्या माणसाची बोटं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ज्वारीच्या दाण्याहून लहान खडा, तो फिरत्या चाकावर किती टेकवायचा आणि कधी उचलायचा, ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, असं भटूच मागे कधी सांगायचा. ती बोटं बधिर झाली तर त्या माणसाला तिथं बसता येत नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरं काम कोण शिकवणार?

मी पिशवी भरली. कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, आमच्याकडची लाल मिरची. आणि खरं सांगायचं तर मी जरा तोऱ्यातच निघाले. का, ते सांगते. आमचे हे गेल्यानंतर पिठाची गिरणी मी चालवली, अगदी मुलगा हाताशी येईपर्यंत. पट्टा चढवणं, दगडाला टाकी लावणं, सगळं हातानं केलंय. गिरणी थरथरायला लागली की गिऱ्हाइकं लांब उभी राहायची आणि मी पाना घेऊन खाली वाकायचे. कुठलाही बोल्ट आवळा, खाली रबराची पट्टी सारा, की पाच मिनिटांत शांत. यंत्र थरथरतं म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे, हे मी देवासारखं मानते. तेव्हा मोटारसायकल ती काय.

आगगाडीच्या प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. नवापूरचं तेवढं सांगते. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाई पेरू विकत होती. डब्याच्या या टोकाला ती मराठीत भाव सांगायची आणि त्या टोकाला गुजरातीत. भाव दोन्हीकडे तोच. माझ्या समोर बसलेला मुलगा तोपर्यंत आईशी फोनवर अहिराणी बोलत होता, नवापूर सुटल्यावर मित्राशी गुजराती बोलायला लागला. आवाजसुद्धा बदलला त्याचा.

कामरेज

स्टेशनावर भटू गाडी घेऊन आला होता. वाळला होता. माझ्या पाया पडला, पिशवी पुढे टाकीवर ठेवली आणि म्हणाला, बैस आक्का, घट्ट धर.

त्या गाडीवर बसले आणि मला मंदाचं म्हणणं पटलं. शहरातून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागून त्यानं वेग घेतला तशी पायापासून थरथर चढायला लागली. पाय ठेवायची दांडी थरथरते, बैठक थरथरते, माझी कवळी तोंडात वाजायला लागली. आरशात मागचे ट्रक दिसत होते, तेही नुसते रंगाचे फराटे. मी पदर तोंडात धरला आणि मनात म्हटलं, सापडला चोर.

घरी गेल्यावर मंदानं तुरीचं वरण वाढलं, त्यात गूळ. इतकी वर्षं झाली तरी मला ते वरण गोडाचं जेवण वाटतं. मंदा धुळ्याची, पण तिचं बोलणं आता निम्मं तिकडचं झालंय. ‘चालसे ताई, रोज थोडी खायचंय’ असं म्हणते, म्हणजे चालेल, रोज थोडंच खायचंय. मी माझ्या हातानं कळण्याची भाकरी थापली आणि मिरचीचा ठेचा केला. भटू पोटभर जेवला. एक मात्र दिसलं, भाकरीचा तुकडा तोडताना तो हाताकडे बघत होता. आपण कोणी बघतो का? मला वाटलं, दमलाय.

आम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी अहिराणीतच बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून इथं साधी मराठी लिहिते, एखादं वाक्य राहिलं तसंच तर राहू द्या.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी घ्यायला लावली आणि गाडी घेऊन आम्ही नाक्यावरच्या सलीमभाईंकडे गेलो. सलीमभाई म्हणजे पानाचा तोबरा आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदम चालू. मला बघून म्हणाले, बा, तमे बेसो, छाया में बेसो. तिकडे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात. मी म्हटलं, मी बसायला आले नाही. त्यांनी हँडलच बदलून टाका, नवीन टाका असा सूर लावला. मी म्हटलं, गिरणी थरथरते म्हणून कोणी चाळण बदलतं का, आधी खाली बघा. ते हसले, पण गाडी आडवी केली.

आणि खाली निघालंच. इंजिन ज्या बोल्टांवर सांगाड्याला बसवतात त्यातल्या एकाचा नट कधीचा पडलेला, कोणीतरी तिथं तार गुंडाळलेली. दुसऱ्याचे आटे झिजलेले. हँडल ज्या रबराच्या बुशांवर बसतं ते बुश वाळून आंबोशीसारखे झालेले. मी ते हातात घेऊन भटूला दाखवले. म्हटलं, बघ, हे तुझ्या बोटांत शिरत होतं. त्यानं ते माझ्याकडून घेतले आणि कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा मला अजून दिसतो.

नवे बोल्ट, नवे बुश, साखळी ताणून घेतली, चाकात हवा बरोबर करून घेतली. शहरातल्या वेगाला गाडी शांत झाली. मोठ्या रस्त्यावर मात्र बारीक गुणगुण राहिली, मधमाशा पोत्यात भराव्या तशी. मी भटूला विचारलं, आता हाताला कसं लागतं? तो म्हणाला, ‘आक्का, तूच धरी देख.’ म्हणून त्यानं गाडी उभी करून इंजिन वाढवलं आणि मी हँडल धरून पाहिलं. पुढेही प्रत्येक वेळी तेच. काही नवीन केलं की हँडल आधी माझ्या हातात. मला वाटलं, मोठ्या बहिणीला मान देतोय.

मग मी माझी अक्कल चालवली. पोकळ नळी थरथरते, भरीव थरथरत नाही. हँडल म्हणजे नळीच ना? शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून बारीक वाळू आणली, चाळली, नळीत ठासून भरली आणि चपलेच्या रबराचं बूच मारलं. सलीमभाई म्हणाले, बा, जमणी बाजू रहेवा दो, म्हणजे उजव्या बाजूला भरू नका. मी ऐकलं नाही. नाक्यापर्यंत गेलो नाही तोच उजवीकडचं बूच निघालं, वाळू एक्सिलेटरच्या मुठीत शिरली आणि मूठ अडकून बसली. गाडी किंचाळत पुढे सुटली, मी मागे भटूची कंबर धरून. त्यानं चावी बंद केली तोवर आम्ही उसाच्या रसवाल्याच्या बाकाला जाऊन टेकलो. लागलं कोणालाच नाही. रसवाला म्हणाला, माजी, एवढी तहान लागली होती तर हाक मारायची. आम्हाला फुकट रस पाजला. भटू इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. रसाचा पेला मी त्याच्या हातात दिला, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला.

शेवटी सलीमभाईंच्या ओळखीच्या लेथवर दोन जड लोखंडी गोळे करून आणले. ते हँडलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसवले. वजन टोकाला गेलं की थरथर मरते, हे त्यांचं म्हणणं आणि ते खरं ठरलं. डावीकडची वाळू राहू दिली. मुठींखाली मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वळे कापून चढवले, गिरणीच्या दांड्याला चढवायचे तसे.

आणि काय सांगू तुम्हाला, गाडी अशी शांत झाली! मोठ्या रस्त्यावर पूर्ण वेगात मागच्या ट्रकचा नंबर आरशात वाचता येत होता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. कवळी गप्प. घरी आल्यावर मी दोंडाईच्याला फोन लावून मुलाला सगळं सांगितलं, शेजारणीलाही सांगितलं. मंदानं त्या दिवशी शिरा केला. भटूला विचारलं, हात कसा आहे? तो म्हणाला, फरक आहे आक्का. पुढचे दोन-तीन दिवस कामावरून आला की मी विचारायचे, आणि तो तेच म्हणायचा.

तापीच्या काठी, पोंक खायला

रविवारी भटूचे कारखान्यातले सोबती मनसुखभाई आम्हाला पोंक खायला घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच हो. ज्वारीची कोवळी कणसं भाजून, झोडून काढलेले हिरवे दाणे. पण आपण शेतात आगटीभोवती बसून हातावर चोळून खातो, आणि ते लोक नदीकाठी दुकानं मांडून वजनावर विकतात, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. सोबत ताक. मी नाक मुरडून खायला बसले, आणि मान्य करते, छान लागतं.

मनसुखभाई भटूच्याच वयाचे, अमरेलीकडचे. हिऱ्याच्या कारखान्यात एका चाकाभोवती चार जण बसतात. चाकाला तिथं घंटी म्हणतात. त्या चौघांचं नातं मोठं असतं. डबा एकत्र, लग्नकार्य एकत्र, एकाच्या घरी मयत झालं तर बाकीचे तिघे खांदा द्यायला. भटू आणि मनसुखभाई कित्येक वर्षं एकाच घंटीवर समोरासमोर बसतात.

आम्ही सगळे पोंकाचे दाणे चिमटीनं उचलून तोंडात टाकत होतो. भटूनं दुकानदाराकडून चमचा मागून घेतला.

भटू आणि मंदा ताक आणायला उठले तेव्हा मी मनसुखभाईंना गाडीची सगळी कथा सांगितली. बोल्ट, बुश, वाळू, रसवाला. ते हसतील असं वाटलं होतं. ते दाण्यांतून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, आता हँडल शांत झालंय, हात महिनाभरात पूर्वीसारखा होईल. तेव्हा ते हळूच म्हणाले,

“बा, गाडी तो हमणां लीधी. हाथ तो एना पहेलानो आवो छे.”

गाडी आत्ता घेतली, हात त्याच्या आधीपासून असा आहे. मला गुजराती फार येत नाही, पण एवढं कळलं. गाडी जुनी दिसत होती म्हणून ती त्याच्याकडे कैक वर्षं असेल असं मी धरून चालले होते. ती त्यानं कुणाची वापरलेली, गेल्या दसऱ्याला घेतलेली. त्याआधी तो बसनं जायचा. आणि बोटं तो बसनं जायचा तेव्हापासूनच बधिर होत चालली होती. मंदाला त्यानं सांगितलं ते गाडी आल्यावर, म्हणून तिनंही तसंच जोडलं.

मग मनसुखभाईंनी बाकीचं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं त्यांच्या भाषेत. घंटीवर एखाद्याच्या हातून हिरा निसटला की चाक थांबवतात. कोणी पाय हलवायचा नाही. चौघे खाली बसून फरशी हातानं चाचपतात, कपडे झटकतात, खडा सापडेपर्यंत. आणि ज्याच्या हातून पडला त्यानं ‘मारो पड्यो’, म्हणजे माझा पडला, असं मोठ्यानं सांगायचं, मॅनेजरला ऐकू जाईल असं. ही तिथली रीत. भटूच्या हातून हिरे पडायला लागले. एकदा पडला, चालतं. पुन्हा पडला. तेव्हापासून भटूच्या हातून पडला की मनसुखभाई आधीच ओरडायचे, मारो पड्यो. बारीक कामाचे खडे तिघे आपसांत घ्यायचे आणि भटूकडे सोपे सरकवायचे.

मी त्यांच्या पानात थोडा पोंक वाढला, तेवढंच. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, त्याला सांगू नका मी बोललो ते.

पण मी अशी, माझ्या पोटात काही राहत नाही. घरी गेल्यावर मंदा भाजी आणायला खाली उतरली तेव्हा मी भटूला समोर बसवलं. विचारलं, हात कधीपासून? तो म्हणाला, गाडीच्या आधीपासून.

“मग मला आठवडाभर ती गाडी का उलगडू दिलीस रे?”

“तू बोल्ट काढून दाखवलास ना आक्का, तेव्हा मलाही वाटलं, असेल. तार गुंडाळलेली होती, बुश वाळले होते. सगळं खरंच खराब होतं ना.” थोडं थांबून म्हणाला, “दोन-तीन दिवस मी खरंच वाट बघितली.”

मी त्याला बोलणार होते, रागावणार होते. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही रागावले. गाडीत दोष सापडला म्हणून आनंद त्याला माझ्यापेक्षा जास्त झाला होता. दोष गाडीचा असता तर पान्यानं गेला असता. मी गिरणीवाली, मला सैल बोल्ट दिसला की बाकीचं दिसतच नाही. पण हात आणि गाडी वेगळी आहेत हे मला आधी कळायला हवं होतं, चमचा त्यानं आज मागितला, पण रसाचा पेला तर आधीच दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. तारा लावून तपासलं. डॉक्टर मुलगी लहान वयाची, शांत बोलणारी. म्हणाली, वर्षानुवर्षं मान एकाच बाजूला वाकवून आणि बोटं आवळून बसल्यानं नस दबत गेली, वरून साखरही आहे, ती कधी तपासलेलीच नाही. औषधानं आहे तेवढं टिकेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. हिऱ्याचं काम आता नको. मंदानं विचारलं, आणि गाडीच्या हँडलमुळे? डॉक्टर म्हणाली, गाडी शांत केलीत ते चांगलंच केलंत, थरथरीनं वाढलं असतं. पण त्यामुळे झालेलं नाही. वाढलं असतं हे ती आमच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. मंदा बाहेर येऊन जिन्यात बसली आणि पदरानं चष्मा पुसत राहिली, पुसत राहिली.

कतारगाम

भटू म्हणाला, उद्या जाऊन सांगून येतो. मी म्हटलं, मी येते. बाईमाणसं तिथं सहसा येत नाहीत, त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मी बाईमाणूस नाही, बा आहे.

गाडीवरूनच गेलो. कतारगामच्या त्या गल्ल्यांत खालच्या मजल्यावर लूम खडखडतात आणि वरच्या मजल्यांवर हिरे घासतात. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर लांबच लांब खोली, पांढरेशुभ्र दिवे, आणि घंट्यांच्या रांगा. प्रत्येक घंटीभोवती चार डोकी वाकलेली. चाकाचा आवाज मोठा नाही, पण सतत, दातांत बसणारा. इतकी माणसं आणि बोलणं जवळजवळ नाही. मधूनच कोणीतरी खडा उचलून डोळ्याच्या भिंगाशी नेतो, बघतो, पुन्हा वाकतो. भटू इतकी वर्षं असा वाकून बसला होता, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मॅनेजर बाहेर आले, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. भटूनं त्यांना हात दाखवले आणि डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. ते भले माणूस, वाईट वाटलं म्हणाले. मग भटू म्हणाला, अजून एक सांगायचंय, पण ते घंटीवर. ते त्याच्याबरोबर गेले. मी दारातच उभी राहिले.

मला नंतर कळलं की मॅनेजरनं मनसुखभाईंना बारीक मालावरून काढून जाड मालावर बसवायचं ठरवलं होतं. का, तर त्यांच्या हातून फार हिरे पडतात. मनसुखभाईंनी हे मला पोंक खाताना सांगितलं नव्हतं. भटूला ते शनिवारीच कळलं होतं आणि तो ते पोटात घेऊन फिरत होता.

भटू त्याच्या जागेजवळ गेला. मनसुखभाईंनी मान वर केली आणि काहीतरी ओळखून हातानं नको नको केलं. भटूनं चाक थांबवलं. चाक थांबलं की आजूबाजूच्या घंट्यांवरची माणसं आपोआप खाली बघतात, हिरा पडला असं समजून. तशी ती बघायला लागली. कोणी पाय हलवेना.

“मारो पड्यो,” भटू म्हणाला. “या घंटीवर जेवढे पडले ते सगळे माझ्या हातून पडले. मनसुखच्या हातून एकही नाही.”

त्याचा आवाज खोलीच्या टोकापर्यंत गेला. मॅनेजरांनी मनसुखभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मनसुखभाई दोन्ही गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसून राहिले. मग भटूनं खिशातलं भिंग काढून त्यांच्यासमोर ठेवलं, चाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि माझ्याकडे आला. जिना उतरताना तो भिंत धरून उतरला. आम्ही खाली येईपर्यंत वरचं चाक पुन्हा फिरायला लागलं होतं.

पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये गेटवर बसायचं काम मनसुखभाईंनीच बघून दिलंय. रस्ता लांबचा आहे. ट्रकांच्या नोंदी करायच्या, दार उघडायचं, लावायचं. भटू म्हणतो, जमेल. मंदानं घरी लेस लावायला साड्या आणायला सुरुवात केली आहे. मी राहते म्हटलं तर दोघांनीही नको म्हटलं.

स्टेशन

निघण्याच्या दिवशी भटूच मला गाडीवरून स्टेशनावर घेऊन आला. थंडी होती, मी शाल घट्ट गुंडाळून मागे बसले होते. गाडी छान चालली होती. पुलावरून तापी दिसली, तेव्हा तो मान वळवून एवढंच म्हणाला, ही आपल्याकडूनच येते आक्का. मी म्हटलं, हो, आपल्याकडूनच.

फलाटावर त्यानं माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा घेतला, खिडकीची जागा पकडून दिली आणि खाली जाऊन खिडकीशी उभा राहिला. मंदानं घारी, तिकडची मिठाई, बांधून दिली होती, ती मोडू देऊ नकोस, वर ठेव, असं त्यानं दोनदा सांगितलं. मुलाला फोन कर, पोचलीस की कळव, अशी रिकामी बोलणी झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला. गाडी सुटायला वेळ होता, मी धरूनच राहिले. त्याच्या लहानपणी मी माहेरी आले की त्याला शाळेत सोडताना धरायचे तसा. त्याचा हात गार होता.

तो माझ्याकडे बघत नव्हता, खाली आमच्या हातांकडे बघत होता. मी म्हटलं, वर बघ ना रे माझ्याकडे, चाललेय मी.

“बघतो आक्का,” तो म्हणाला. “पण वर बघितलं की तू हात धरलायस की सोडलायस, ते मला कळत नाही.”

शिट्टी झाली. गाडी हलली. मी जमेल तितका वेळ हात सोडला नाही, तो गाडीबरोबर चार पावलं चालला, आणि सगळा वेळ खालीच बघत राहिला.